खिडक्यांचा पसारा आणि माऊस



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एक प्रसंग घडला. तो सांगून मगच आजच्या विषयाकडे वळतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी संध्याकाळी सहापासून संगणकापुढे बसलेली. तिचे वडील एका इमारतीवर वॉचमन आहेत. ड्युटी संपवून, हातात डब्याची पिशवी घेऊन ते थेट अभ्यासिकेत आले आणि लेकीच्या मागे स्टूल ओढून बसले. आम्ही पलीकडच्या टेबलावर अभ्यासिकेच्या वर्गणीचा हिशोब लिहीत होतो.

अर्ज एका खिडकीत उघडलेला होता. उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका दुसऱ्या खिडकीत. दाखल्याची खिडकी सगळा पडदा व्यापून बसलेली. मुलगी दाखल्यावरचा लांबलचक क्रमांक पाही, ती खिडकी खाली दडवी, अर्जात चार आकडे टाकी, पुढचे विसरे, पुन्हा दाखला वर आणी. असे करता करता एकदा तिला अर्जच दिसेना. तो दाखल्याच्या मागे झाकला गेला होता. तिला वाटले, अर्ज गेला. तिने नव्याने सारे उघडले. भरलेले पण साठवून न ठेवलेले सगळे पुसले गेले. असे तीनदा झाले. घड्याळात नऊ वाजले.

तेव्हा वडील आमच्याकडे येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, पोरीला जमत नसंल तर तसं सांगा. उगा तुमची पण खोटी होतीय."

मुलीने ते ऐकले. ती काही बोलली नाही. मान खाली घालून माऊस नुसताच फिरवत राहिली.

आम्ही उठलो. दाखल्याच्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर माऊसचे डावे बटन दाबून धरले, ती पट्टी ओढत पडद्याच्या डाव्या काठाला टेकवली आणि बटन सोडले. दाखला बरोबर अर्ध्या पडद्यावर जाऊन बसला. अर्जाची खिडकी तशीच उजव्या काठाला नेली. आता डावीकडे दाखला, उजवीकडे अर्ज. दोन्ही डोळ्यांसमोर. मुलीने अर्ध्या तासात अर्ज पुरा केला आणि दहाच्या आत तो दाखलही झाला.

घरी परतताना आमच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. पोरीला जमत नव्हते, हे खरे नव्हते. आम्ही शिकवले नव्हते, हे खरे. माऊस कसा धरावा, क्लिक कसे करावे, मराठी टायपिंग कसे करावे, हे सारे आम्ही शिकवले. पण पडद्यावरची मांडणी शिकवायची राहून गेली. आणि त्या चुकीचे खापर मात्र एका हुशार मुलीच्या डोक्यावर फुटत होते. म्हणून आज हा विषय.

दहा बाय बाराची खोली

संगणकाचा पडदा म्हणजे आपली दहा बाय बाराची खोली समजा. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच मुलांचा अभ्यास, रात्री तिथेच अंथरुणे. तरी घर चालते. कारण कोणती वस्तू केव्हा काढायची, केव्हा गुंडाळून कोपऱ्यात उभी करायची, हे घरातल्या बाईला पक्के ठाऊक असते. पडद्यावरच्या खिडक्यांचेही तसेच आहे. जागा तेवढीच. मांडणी आली तर काम होते, नाही तर एकावर एक पसारा पडतो आणि हवी ती वस्तू सापडत नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे. हिशोब तपासायचा तर रोजकीर्द आणि खतावणी टेबलावर शेजारी शेजारी उघडून, एकेक रकमेवर खूण करीत जायचे, हे आमच्या हाताला बसलेले. एक वही मिटून दुसरी उघडायची, असे कोणी केले तर दिवसभरात एक पान तपासून होणार नाही. पण तीच माणसे संगणकापुढे बसली की एक खिडकी मिटून दुसरी उघडत राहतात. कारण शेजारी शेजारी ठेवता येते, हे कोणी सांगितलेलेच नसते.

येथे आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. पडद्यावर चार खिडक्या दिसत असल्या तरी एका वेळी एकच खिडकी जागी असते. आपण कळफलकावर जे टाइप करतो ते त्या जाग्या खिडकीतच उमटते. दुसरीवर क्लिक केले की ती जागी होते आणि उडी मारून सगळ्यांच्या पुढे येते. मागची झाकली जाते, नाहीशी होत नाही. झाकलेली खिडकी म्हणजे गेलेली खिडकी नव्हे, एवढे जरी आपल्या मुलांना कळले तरी निम्मी भीती जाते. पडद्याच्या तळाशी जी पट्टी असते तिच्यात उघड्या खिडक्यांची खूण दिसते. आधी तिथे पाहावे, मगच काही नव्याने उघडावे.

लाकडी ठोकळ्यापासून सुरुवात

हा माऊस आला कोठून? अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट नावाचे एक अभियंते होते. ऐन तारुण्यात ते नौदलात रडारचे तंत्रज्ञ होते. माणसापुढचे प्रश्न दिवसेंदिवस गुंतागुंतीचे होत आहेत, तेव्हा माणसाची विचार करण्याची ताकद वाढवील असे यंत्र हवे, हा त्यांचा ध्यास. १९६२ साली त्यांनी तसा एक अहवालच लिहिला. १९६४ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस तयार केला. तो लाकडी ठोकळा होता. खाली दोन चाके, एक आडवे फिरणारे, एक उभे. वर एक बटन आणि मागे शेपटीसारखी वायर. त्या शेपटीवरूनच त्याला उंदराचे नाव पडले.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात एंगेलबार्ट यांनी सुमारे हजार जाणकारांपुढे दीड तास प्रयोग करून दाखवला. माऊसने पडद्यावरचा मजकूर हलवणे, पडद्याचे भाग पाडून दोन गोष्टी एकाच वेळी पाहणे, हे त्या दिवशी लोकांनी पाहिले. १९७० साली पेटंट मिळाले, पण ते संस्थेच्या मालकीचे होते. पुढे जगभर कोट्यवधी माऊस खपले, एंगेलबार्ट यांना त्यातून रॉयल्टी मिळाली नाही. २०१३ साली ते वारले.

१९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात एकावर एक येणाऱ्या खिडक्यांची पद्धत घडली. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आला आणि माऊस घरोघरी जाऊ लागला. मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज १९८५ ची. गंमत अशी की तिच्यात कामाच्या खिडक्या एकमेकींवर येतच नसत, फरश्यांसारख्या शेजारी शेजारी बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकावर एक येऊ लागल्या. तळाची पट्टी १९९५ च्या विंडोजमध्ये आली. म्हणजे आधी शेजारी, मग एकावर एक, आणि आता पुन्हा शेजारी लावण्याची सोय, असा हा प्रवास आहे.

फुकटात असलेल्या सोयी

आता कामाचे बोलू. पुढील सोयींसाठी एक पैसाही लागत नाही. त्या विंडोजमध्ये आधीपासून आहेत.

पहिली सोय आम्ही वर सांगितली तीच. खिडकीची वरची पट्टी धरून डाव्या किंवा उजव्या काठाला टेकवली की खिडकी अर्धा पडदा घेते. वरच्या काठाला टेकवली की पूर्ण पडदा घेते. ही सोय २००९ च्या विंडोज सातपासून आहे. २०१५ च्या विंडोज दहापासून कोपऱ्यात टेकवली तर पाव पडदाही घेते. म्हणजे चार खिडक्या चार कोपऱ्यांत मांडता येतात. दोन खिडक्या शेजारी लागल्या की त्यांच्या मधली रेघ धरून ओढा. एक रुंद होते, दुसरी तेवढीच अरुंद होते. विंडोज अकरामध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातील चौकोनावर माऊस नुसता नेऊन थांबवला तरी मांडणीचे नमुने दिसतात, हवा तो निवडावा.

दुसरी सोय माऊसच्या चाकाची. पूर्वी चाक फिरवले की फक्त जागी खिडकी वर-खाली सरकत असे. विंडोज दहापासून माऊस ज्या खिडकीवर असेल ती सरकते, तिच्यावर क्लिक करावे लागत नाही. म्हणजे बोटे अर्जात टाइप करीत आहेत आणि मध्येच माऊस दाखल्यावर नेऊन चाक फिरवले तर दाखला सरकतो, अर्ज जागाच राहतो. ज्यांच्याकडे त्याहून जुनी विंडोज आहे त्यांच्यासाठी विझमाऊस नावाचा छोटा प्रोग्राम हेच काम करतो.

तिसरी सोय झटकण्याची. खिडकीची वरची पट्टी धरून चादर झटकावी तशी खिडकी डावी-उजवीकडे झटका. बाकीच्या साऱ्या खिडक्या खाली जाऊन बसतात. पुन्हा झटकली की परत येतात. विंडोज अकरामध्ये ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. सेटिंगमध्ये सिस्टीम, त्यात मल्टिटास्किंग या ठिकाणी ती चालू करता येते.

चौथी सोय हाताच्या सवयीची. कंट्रोल पॅनेलमध्ये माऊस नावाची जागा आहे. डावखुऱ्या मुलामुलींसाठी तिथे बटनांची अदलाबदल करता येते. दोन क्लिकमधला वेळ वाढवता येतो. बाण कुठे हरवला ते कळत नसेल तर कंट्रोलची कळ दाबताच त्याच्याभोवती गोल उमटावा, अशीही सोय आहे. ज्यांची नजर कमी झाली आहे त्यांच्यासाठी बाण मोठा करता येतो.

बाहेरून घ्यावयाचे छोटे प्रोग्राम

काही लोकांना याहून अधिक लागते. दिवसभर डेटा एन्ट्री करणाऱ्या आपल्या भगिनींचे मनगट संध्याकाळी दुखते. त्यांचे क्लिक कमी होणे म्हणजे त्यांचे दुखणे कमी होणे. त्यांच्यासाठी हे वाचावे.

मायक्रोसॉफ्टचा पॉवरटॉइज नावाचा संच आहे. विंडोज ९५ च्या काळात याच नावाचा एक संच होता. त्यात एक्स-माऊस नावाचा छोटा प्रोग्राम असे. माऊस ज्या खिडकीवर नेला ती क्लिक न करता जागी होई. युनिक्स संगणकांवर एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात १९८४ साली सुरू झालेल्या एक्स या खिडकी-पद्धतीत ही रीत रूढ होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवरटॉइज नव्याने आणि खुल्या स्वरूपात सुरू केले. त्यात फॅन्सीझोन्स ही सोय आहे. आपल्या पडद्याचे हवे तसे कप्पे आपणच आखायचे, मग शिफ्टची कळ धरून खिडकी ओढली की कप्पे उजळतात, हव्या कप्प्यात ती सोडायची. फडताळात भांड्याच्या जागा ठरवाव्यात तसे. त्याच संचात एखादी खिडकी सगळ्यांच्या वर खिळवून ठेवण्याची सोय आहे. हिशोबाचे कॅल्क्युलेटर असे वर ठेवले तर ते पुन्हा पुन्हा शोधावे लागत नाही.

अल्टस्नॅप हा दुसरा प्रोग्राम. खिडकी हलवायची तर तिची वरची बारीक पट्टीच धरावी लागते. ज्यांचा हात थरथरतो किंवा नजर अधू आहे त्यांना ती पट्टी सापडत नाही. या प्रोग्राममुळे अल्टची कळ धरून खिडकीच्या अंगावर कोठेही माऊस ठेवून ओढले तरी खिडकी हलते. अल्ट धरून उजव्या बटनाने ओढले तर तिचा आकार बदलतो. लिनक्सवर ही रीत जुनीच आहे. अभ्यासिकेतील पन्नाशीच्या एका मावशींना हे दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता कुठं हे माझ्या मुठीत आलं बघा."

एक्स-माऊस बटन कंट्रोल नावाचा तिसरा प्रोग्राम माऊसच्या जादा बटनांना कामे वाटून देतो. एका बटनाने खिडकी खाली बसवायची, दुसऱ्याने बंद करायची, असे ठरवता येते. प्रत्येक प्रोग्रामसाठी निराळी वाटणीही करता येते.

आणि एखाद्या खिडकीची पट्टीच पडद्याबाहेर गेली, ओढायला काही उरले नाही तर? कोणताही प्रोग्राम न घेता उपाय आहे. अल्ट धरून स्पेस दाबा, मग इंग्रजी एम, मग कोणतीही बाणाची कळ. आता माऊस हलवा. खिडकी त्याच्याबरोबर चालत येते. जागेवर आली की क्लिक करा.

चार सावधगिरीच्या गोष्टी

पहिली. माऊस नेताच खिडकी जागी होण्याची सोय वेगवान असली तरी बेभरवशाची ठरू शकते. टेबलाला धक्का लागला, माऊस सरकला, की आपले टायपिंग भलत्याच खिडकीत जाते. तिथे पासवर्ड उमटला तर शेजारच्याला दिसेल. नवशिक्यांनी ही सोय घेऊ नये.

दुसरी. वरचे तिन्ही फुकट मिळतात. पण फुकटच्या नावाखाली नकली मालही फिरतो आणि त्यासोबत व्हायरस येतो. ज्याने प्रोग्राम बनवला त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. कार्यालयातील संगणकावर वरिष्ठांच्या परवानगीशिवाय काहीही चढवू नये. सायबर कॅफेत तर मुळीच नाही. तिथे फुकटच्या चार सोयी पुरेशा आहेत.

तिसरी. जुन्या संगणकावर पाच-सहा जादा प्रोग्राम एकदम चालू ठेवले तर तोच धापा टाकू लागतो. एक घ्या, महिनाभर वापरा, उपयोग वाटला तर ठेवा.

चौथी. विंडोज दहाचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. कार्यालये जुने संगणक देणगी देतात ते बहुधा याच प्रकारचे. नवे विंडोज त्यांच्यावर चढत नसेल तर फेकून देऊ नयेत. लिनक्स फुकट आहे, जुन्या यंत्रावरही चालते, आणि कळ धरून खिडकी कोठूनही ओढण्याची सोय त्यात तयारच मिळते. फक्त अल्टऐवजी काही ठिकाणी विंडोजची खूण असलेली कळ धरावी लागते.

हे सारे कशासाठी?

कोणी म्हणेल, एवढ्याशा उंदराचे एवढे पुराण कशाला? याचे उत्तर त्या रात्रीच्या वॉचमन दादांच्या शब्दांत आहे. "पोरीला जमत नसंल तर तसं सांगा." आपल्या घरांतील किती मुली, किती सुना, किती चाळिशी ओलांडलेली माणसे अशीच बाजूला पडली असतील? नोकरीच्या चाचणीत कोणी दहा मिनिटे देतो. त्या दहा मिनिटांत जिची मांडणी झटपट होते ती हुशार ठरते. जी खिडक्या शोधत राहते ती मंद ठरते. दोघींच्या बुद्धीत फरक नसतो. एकीच्या घरी लहानपणापासून संगणक होता, दुसरीच्या घरी नव्हता, एवढाच फरक. तो फरक एका रविवारी भरून निघतो. पण कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते.

आम्ही आता अभ्यासिकेत तसा क्रम ठेवला आहे. पहिल्या दिवशी टायपिंग नाही. दोन खिडक्या उघडायच्या, शेजारी मांडायच्या, एक झाकायची, पुन्हा शोधून काढायची. हे वीस वेळा. घरी संगणक नसेल त्यांनी जमिनीवर दोन वर्तमानपत्रे पसरून हाच खेळ खेळावा. एकावर एक ठेवून वाचा, मग अर्धी घडी करून शेजारी ठेवून वाचा. पाचवीतल्या पोरालाही फरक समजतो.

ती मुलगी आता रविवारी लहान मुलांना हे शिकवते. मागच्या रविवारी तिचे वडीलही आले होते. मुले गेल्यावर ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "भाऊ, मला पण एकदा दाखवा." त्यांचा डबल क्लिक काही केल्या लागेना. दोन क्लिकमध्ये फार वेळ जात होता. त्यांनी हात मागे घेतला, पण लेकीने लगेच कंट्रोल पॅनेल उघडून दोन क्लिकमधला वेळ वाढवला आणि म्हणाली, "पप्पा, आता करा. तुमचं चुकत नव्हतं, मशीनची घाई होती."

फोल्डर उघडले.

पुढील लेखात भरलेला अर्ज आणि त्याची पावती संगणकात कोठे व कोणत्या नावाने साठवावी, म्हणजे ऐन वेळी सापडेल, याविषयी लिहू. तोवर वरच्या चार सोयी घरातील एका तरी माणसाला दाखवाव्यात, ही विनंती.